बाबांचे पाय रोज कोण बघणार?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबा 66 वर्षांचे, शुगर 15 वर्षांपासून, पायाला मुंग्या येतात, तरी घरात अनवाणी फिरतात. दर मंगळवारी पहाटे सायनहून सिद्धिविनायकाला अनवाणीच चालत जातात आणि काही बोललं की "मला काही होत नाही" म्हणून विषय तोडतात. मी स्वतः अगदी असाच वागत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही होत नाही. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. मी बसमध्ये वाहक होतो. एका जुलैत बुटाच्या तळातला खिळा वर आला होता आणि त्यावर उभं राहून मी अख्खी ड्युटी केली. रात्री लादीवर रक्ताचे ठसे बायकोला दिसले, तेव्हा कळलं. मी हळद दाबली आणि सकाळी पुन्हा कामावर गेलो. आठव्या दिवशी दाखवायला गेलो तोवर उशीर झाला होता, डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. त्याआधी दोन वर्षं घरचे सगळे "पाय कापावा लागेल" म्हणून घाबरवत होते. जे दुखतच नाही त्याची भीती मला कशी वाटणार होती?

म्हणून घाबरवणं थांबवा आणि त्यांना काय कळत नाही ते दाखवून द्या. एक सोपी तपासणी आहे, इंग्लंडमधल्या इप्स्विचच्या डॉक्टरांनी रुजवलेली. बाबांना पाय मोकळे करून आडवं होऊन डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, बोट घासायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं होतात. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची जाणीव गेली आहे असं धरून डॉक्टरांकडे न्या. ते 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून नीट तपासतात. सायनहून तुम्हाला माहीमचं रहेजा रुग्णालय जवळ पडेल, मधुमेहासाठी ते ओळखलं जातं. माझ्या वेळी डॉक्टरांनी धागा तीनदा टेकवला होता आणि मी डोळे मिटून विचारत होतो, "सुरू करताय ना?" बायको समोर बसली होती. त्या दिवसानंतर मी तिच्याशी वाद घातला नाही.

पुढचा प्रश्न सवयीचा. वेगळी वेळ काढून पाय बघणं कुणाच्याच्यानं होत नाही. आमच्याकडे ते रात्रीच्या गोळीला जोडलं. गोळी घेतली की पाय स्टुलावर, नातू मोबाइलचा टॉर्च धरतो, बायको तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघते. तुमच्या आईला मोतीबिंदू आहे म्हणालात, मग दोन्ही तळव्यांचे फोटो त्यांनी रोज तुम्हाला पाठवावेत. लेकीने पाय बघावेत याचा बाबांना संकोच वाटेल. माझ्याही मनात तो बरेच दिवस होता. त्यावर बोलू नका, फोटो आला की फक्त "बघितला, ठीक आहे" एवढं कळवत जा.

सिद्धिविनायक बंद करायला सांगू नका. ते ऐकणार नाहीत, आणि त्यांच्या श्रद्धेवर घाव घातल्यासारखं होईल. मी असा तोडगा काढला: रस्ताभर बूट, देवळाशी बूट काढून सुती मोजे घालूनच दर्शन. मोजे पांढरे घ्या, रक्त किंवा पू लगेच दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेची वेळ चुकली तर त्या दिवशी जाऊच नये. तापलेल्या फरशीने तळव्याला फोड येतो आणि कळतही नाही.

घरासाठी वेगळी, बाहेर कधीच न नेलेली चप्पल ठेवा, म्हणजे घरात चप्पल नको अशी आईचीही हरकत राहणार नाही. अंगठ्याची नको, बधिर पायातून ती निसटते. मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर या मऊ रबराची घ्या. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. रुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्याने दुर्लक्षित राहिलेल्या जखमांनी जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. अशा पायांसाठी हे मऊ रबर तिथे वापरात आलं. बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी दर वेळी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. मी एवढं केलं असतं तर माझं बोट वाचलं असतं.

पावसाळ्यात बेचक्यांत चिखल्या होतात, तिथूनच जंतू शिरतात. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा. भेगांना खोबरेल किंवा क्रीम चालेल, बेचक्यांत मात्र नाही. हिंदमातासारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून यावं लागलं, तर पाय धुऊन 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) प्रतिबंधक गोळी लागते का ते ते ठरवतील. कुरूप ब्लेडने कापू देऊ नका, औषधी पट्टीही नको. गरम पाण्याची पिशवी घरातून काढूनच टाका. आंघोळीचं पाणी आईने कोपराने बघावं, बाबांच्या पायाने नव्हे.

जखम, काळा डाग, पू, वास, ताप, किंवा एक पाय न दुखता लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. उद्यावर टाकू नका. न दुखणारी सूज म्हणजे आतलं हाड मोडत असण्याचीही शक्यता असते.

रविवारी माहेरी जाल तेव्हा स्पर्शाची तपासणी करा. आधी बाबांच्या हातावर करून दाखवा, म्हणजे त्यांना फरक कळेल. सहापैकी किती कळले ते इथे लिहा, पुढचं बघू.