पूल बांधायची म्हणे

पत्र थोडक्यात असं: ‘ताई, दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात परदेशातून आलेली एकजण रुजू झाली. माझ्या शेजारीच बसते, बिलांच्या नोंदी करते. पूर्वी तिकडे पूल बांधायची म्हणे. कुणाचं तिच्याकडे फारसं लक्ष नसतं, म्हणून मी तिला दर वेळी सगळ्यांबरोबर बोलावते. ती येते, कोपऱ्यात बसते, लवकर निघून जाते. आता तिच्या वाढदिवसाला सगळे मिळून सरप्राइज देणार आहोत. तरीही ती मिसळली नाही तर काय करू?’

अगं, पूल बांधायची ‘म्हणे’?

त्या एका शब्दापाशी मी अडले. दोन वर्षं खुर्चीला खुर्ची लागून आहे आणि तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तुला तिसऱ्याच कुणाकडून कळली, तीही अर्धवट. इंजिनिअर होती, वेल्डर होती, की जमिनीची मोजणी करायची? पूल रेल्वेचे होते, की पायी जाणाऱ्यांचे? तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलंच नाहीस. खरं सांगते, मला तुझा राग आला.

इंजिनिअर असेल, तर बिलांच्या नोंदी ती हौसेने करत नसणार. अनेक देशांत या कामाला तिथला परवाना लागतो. आधी बाहेरच्या पदवीची तपासणी, मग परीक्षा, मग तिथल्याच अनुभवाची अट. तोवर घर चालवायचं तर मिळेल ते काम करावं लागतं.

आणि घोळक्यात ती गप्प असते, याचं काय नवल? आपल्या भाषेत एखादा शब्द निसटला तर कान अंदाजाने भरून काढतो. मोठेपणी शिकलेल्या भाषेत, त्यातून दहा जणांच्या गलबल्यात, शब्द निसटला की अख्खं वाक्य जातं. तिला विनोद कळेपर्यंत बाकीचे हसून मोकळे झालेले असतात. तासभर असं ऐकून माणूस दमतो गं!

ते सरप्राइज रद्द कर. उद्या एकटीच तिच्याकडे जा, आजूबाजूला शांत असेल तेव्हा, आणि विचार: पुलावरून गाडी जाताना ठरावीक अंतराने धडधड का होते?

कारण मला माहीत आहे. पोलाद उन्हात लांबतं. १०० मीटर लांबीला तापमान १० अंशांनी वाढलं, की साधारण १२ मिलिमीटर. त्यासाठी सांध्यात फट सोडतात, चाक त्यावरून गेलं की धडधडतं. पण हे तू तिच्याकडूनच ऐकायला हवंस. सांगताना ती एखाद्या शब्दाला अडली तर घाईने तो पुरवू नकोस. कागद-पेन्सिल पुढे कर, ती काढून दाखवेल. देश का सोडला, हे मात्र विचारू नकोस. ते कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तिचं ती ठरवेल.

वाढदिवसाची वाट बघत बसू नकोस. उद्याच जा.