तेल बंद केलं, तरी पोट कुरकुरतंच

"तेलकट खाल्लं की आतड्यातले चांगले जिवाणू मरतात ना?" आहार-समुपदेशनात हा प्रश्न वारंवार कानावर येतो. एका बाईंनी तर तेल जवळपास बंदच केलं होतं. तरी पोट फुगायचं, साफ व्हायचं नाही.

"आता आणखी काय बंद करू?"

"आधी सांगा, खाल्लेलं तेल त्या जिवाणूंपर्यंत पोचतं किती?"

फार थोडं. निरोगी माणसात सुमारे ९५ टक्के स्निग्धांश लहान आतड्यातच शोषला जातो, आणि हे जिवाणू मुख्यतः त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात असतात. तेलाचा परिणाम जास्त होतो तो पित्तामार्फत. चरबी पचवायला यकृत पित्ताम्लं सोडतं, त्यातली बहुतेक परत शोषली जातात. मोठ्या आतड्यात उतरलेल्या थोड्यांवर जिवाणू काम करतात. उदाहरणार्थ, कोलिक आम्ल या पित्ताम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल होतं. ही नवी आम्लं साखर आणि चरबीच्या नियंत्रणाचे निरोपही पोचवतात. रोजच खूप तेलकट जेवण असलं तर मात्र ती वाढून आतड्याच्या अस्तराला त्रास देतात. म्हणून 'चांगले' आणि 'वाईट' जिवाणू अशी वाटणी मला पटत नाही. त्यांच्या पुढ्यात काय पडतं, ते मी आधी बघते.

पुढच्या वेळी त्यांची आहारवही उघडली. मैद्याचा ब्रेड, सोललेला उकडलेला बटाटा, साय काढलेलं दूध. तंतूंची (फायबरची) बेरीज त्यांनाच करायला सांगितली. जेमतेम ९ ग्रॅम भरली. पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "म्हणजे तेल सोडून मी त्यांना उपाशीच ठेवलं की!"

हे मी सांगितलं असतं, तर बंद करायच्या यादीत आणखी एक ओळ वाढली असती.

तंतू आंबवून जिवाणू ब्युटिरेट बनवतात, मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन. काही तंतू पित्ताम्लं धरून बाहेरही नेतात. दिवसाला किमान २५ ग्रॅम गाठायचे, पण आठवड्याला ४-५ ग्रॅमनेच वाढवत, सोबत पाणी वाढवून. एकदम वाढवले की गॅस होतो आणि दोष डाळींच्या माथी जातो. तेलही परत आणायचं, कारण त्याशिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत. २००० कॅलरींच्या आहारात दूध, सुकामेव्यातली चरबी धरून ६५ ग्रॅमपर्यंत चालेल. त्यात संपृक्त चरबी (तूप, लोणी, साय यांत जास्त असते ती) २२ ग्रॅमच्या आत हवी.

मल फिकट, तेलकट, तरंगणारा असेल आणि वजनही घटत असेल, तर आहारवही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. तिथे स्वादुपिंड आणि पित्तमार्ग तपासावे लागतात.