पहिल्या सेमिस्टरला एवढं जपा

कोरेगावहून एसटीने साताऱ्याला येऊन बी. फार्म करणाऱ्यांचं गणित हजेरीवर बिघडतं. अट 80 टक्क्यांची आहे, म्हणून आजारपणासाठी सुट्ट्या राखून ठेव. थिअरीच्या 100 पैकी 25 गुण इंटर्नलचे. पहिली सेशनल, म्हणजे सेमिस्टरमधली इंटर्नल परीक्षा, गेली तर इम्प्रूव्हमेंटची, म्हणजे गुण सुधारायची, सोय असते, त्यावरून घरी तोंड लपवायची गरज नाही.

जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, मात्र त्याच दिवशी लिही. टायट्रेशनची रीडिंग चिठ्ठीवर राहिली की सबमिशनच्या आदल्या रात्री जागरण, वर चहावर चहा. कॅफीनचा अर्धायुकाल साधारण 5 तास. रात्री अकराच्या कपातलं निम्मं पहाटे चारलाही अंगात असतं.

दोन आठवडे झोप, जेवण, मन ताळ्यावर नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर बोल. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने नको, फार्मसी शिकणाऱ्याने तर नाहीच.