तोंडी हुकूम, लेखी सही

प्रश्न : वकीलसाहेब, मी महाराष्ट्रातल्या एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत 14 वर्षांपासून लिपिक आहे. कॅशबुक, व्हाउचर आणि साठा नोंदवही माझ्याकडे असते. मार्चअखेर वेतनेतर अनुदान खर्ची टाकायचे म्हणून 40 बाकांचे बिल आले आहे. बाक आलेले नाहीत. पुरवठादार संस्थेच्या सचिवांचे मेहुणे आहेत, आणि तिन्ही दरपत्रके एकाच हस्ताक्षरात आहेत. ‘बाक मिळाले’ अशी नोंद करून सही कर, असे सचिव सांगतात. मुख्याध्यापक म्हणतात, सगळीकडे असेच चालते. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून रोख रक्कम घेऊन सचिवांकडे द्यायलाही मलाच सांगतात. काहींना ‘इमारत निधी’ म्हणून पावती देतात, काहींना काहीच नाही. ऐकले नाही तर निलंबन किंवा दुसऱ्या शाखेत बदली करू म्हणतात. परवा कोऱ्या कागदावर सही मागितली, ती मी दिली नाही. पण गेल्या वर्षी अशाच दोन व्हाउचरांवर मी सही केलेली आहे. घरात मी एकटीच कमावती आहे. काय करू?

उत्तर :

ताई, पत्रातली सगळ्यात अवघड गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत, गेल्या वर्षीच्या दोन सह्यांची. ती लपवली असतीत तर माझा सल्ला चुकला असता. त्या सह्यांकडे मी येतोच. आधी आजचे सांगतो. या बिलावर सही करू नका आणि साठा नोंदवहीत एका बाकाचीही नोंद करू नका. मुख्याध्यापकांनी आधी सही केलेली असली तरीही नाही.

ते बिल आणि व्हाउचर पुन्हा एकदा समोर ठेवून पाहा. त्यावर कोणाकोणाच्या सह्या येणार आहेत? पुरवठादाराची, तुमची, मुख्याध्यापकांची. ज्यांनी हे करायला सांगितले त्या सचिवांचा हुकूम तोंडी आहे. उद्या चौकशी लागली तर ‘कार्यालयाने बाक आल्याचे सांगितले, म्हणून पैसे दिले’ एवढे एक वाक्य बोलून ते बाजूला होऊ शकतात, आणि कागद त्यांच्याच बाजूने साक्ष देईल. शाळांच्या हिशेबांची प्रकरणे लढताना मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की व्हाउचर हातात आले की माझी नजर आधी कोणाची सही नाही तिकडे जाते.

कायदा काय म्हणतो ते ऐका. भारतीय न्याय संहितेचे कलम 344 खोट्या हिशेबांविषयी आहे, आणि त्यात लिपिक, अधिकारी किंवा नोकर असे शब्दच आहेत. फसवणुकीच्या उद्देशाने जाणूनबुजून हिशेबात खोटी नोंद केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिपिकाकडे किंवा नोकराकडे विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार झाला तर कलम 316 लागते, त्यातही शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. याहून गंभीर बाब बऱ्याच शाळा कर्मचाऱ्यांना ठाऊकच नसते. तुमच्या शाळेला सरकारी अनुदान मिळते, म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 नुसार तुम्ही ‘लोकसेवक’ आहात. त्या कायद्याचे कलम 13 आपल्या ताब्यातल्या मालमत्तेचा अपहार करणाऱ्या लोकसेवकाला तर धरतेच, शिवाय दुसऱ्याला तो करू देणाऱ्यालाही धरते. शिक्षा चार ते दहा वर्षे. ‘मी एक पैसाही घेतला नाही’ हे तुमच्या बाबतीत खरे आहे, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

त्याच व्याख्येत अनुदानित शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारीही येतात. म्हणजे सचिवही लोकसेवकच. ते स्वतःला संस्थेचे मालक समजत असतील. अनुदानाच्या पैशापुरता कायदा त्यांना तसे समजत नाही.

‘नोकरी जाण्याच्या भीतीने सही केली’ हा बचाव चालेल का, असे तुमच्या मनात असेल. चालणार नाही. धमकीमुळे केलेल्या कृत्याला सूट देणारे न्याय संहितेचे कलम 32 आहे, पण त्यासाठी धमकी तत्काळ मृत्यूची असावी लागते. बदलीची किंवा निलंबनाची धमकी त्यात बसत नाही. ज्या माणसाच्या पगारावर घर चालते त्याच्यासाठी हे फार कठोर आहे, हे मला मान्य आहे. पण शिक्षेच्या वेळी दयेचा मुद्दा म्हणून उपयोगी पडणारी भीती निर्दोष सुटण्यासाठी पुरत नाही, एवढे मनाशी पक्के धरा.

तर मग नकार कसा द्यायचा? तोंडी देऊ नका, भांडून तर अजिबात देऊ नका. तोंडी हुकूम कागदावर आणा. मुख्याध्यापकांच्या नावे साधे अर्ध्या पानाचे पत्र लिहा, आवक नोंदवहीत त्याची नोंद करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मजकूर साधारण असा ठेवा :

‘महोदय, दि. … रोजी 40 बाकांच्या पुरवठ्याचे बिल क्र. … माझ्याकडे नोंदीसाठी देण्यात आले असून साठा नोंदवहीत जमा नोंद घेण्याची तोंडी सूचना मिळाली आहे. आज रोजी सदर बाक शाळेत प्राप्त झाल्याचे आढळून आले नाही. पुरवठ्याचे चलन व तपासणी अहवाल बिलासोबत नाही. त्यामुळे नोंद घेता आलेली नाही. कृपया प्रत्यक्ष पडताळणी करून लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.’

या पत्रात कोणावरही आरोप नाही. ‘खोटे बिल’ हा शब्द नाही, मेहुण्यांचा उल्लेखही नाही. तुम्ही फक्त काय दिसले, काय मिळाले नाही आणि काय हवे आहे ते लिहिले आहे. तुमची नियत काय होती हे न्यायालयात सांगणारा असा कागद तुमच्या जबानीपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. आणि माझा अनुभव असा की लेखी आदेश मागितला की बरेच हुकूम तिथेच थांबतात, कारण ते लिहून द्यायला कोणी तयार नसते. पोच द्यायला नकार मिळाला तर पत्र टपालाने पोचपावतीसह पाठवा. त्याआधी वर्गांतले बाक मोजा, शक्यतो एखादा शिक्षक किंवा शिपाई सोबत घेऊन. तारीख, वर्ग, संख्या असे टिपून ठेवा. या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा वर्गांमध्येच आहे. तो नंतर बाहेरून बाक आणून बदलताही येतो, म्हणून मोजणी पत्राआधी.

मेहुण्यांबद्दल मात्र एक बाब नीट समजून घ्या. नातेवाइकाकडून खरेदी झाली म्हणजे लगेच गुन्हा झाला असे नाही. नाते आधी उघड केले, संबंधित पदाधिकारी निर्णयातून बाजूला राहिले, दर खरोखर स्पर्धेतून आले आणि माल आला, तर तो व्यवहार टिकू शकतो. इथे दोष बनावट स्पर्धेत आहे आणि न आलेल्या मालात आहे. म्हणून तुमचा सगळा भर त्या दोन गोष्टींवर राहू द्या. नात्यावर बोट ठेवलेत की वाद वैयक्तिक होतो आणि बाक बाजूला पडतात.

निलंबनाची भीती आता. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, 1977 शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. 1981 च्या नियमावलीनुसार निलंबनासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, आणि परवानगीशिवाय ते चार महिन्यांपेक्षा जास्त लांबवता येत नाही. बडतर्फ करायचे तर चौकशी समिती नेमावी लागते. त्या समितीत एक सदस्य तुम्ही नेमायचा असतो, कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी. हा हक्क कर्मचारी अनेकदा घाबरून किंवा माहीत नसल्याने वापरत नाहीत आणि समिती एकतर्फी होते. हिशेब समजणारा, निवृत्तीला आलेला एखादा मुख्य लिपिक मनात आत्ताच हेरून ठेवा. सेवा संपवली किंवा पदावनत केले तर कलम 9 नुसार शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते, आणि त्याची मुदत फक्त 30 दिवस असते. बदली मात्र या कलमात येत नाही. तिच्याविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागावी लागते किंवा उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तो रस्ता लांबचा आहे. खोटी आशा देत नाही : दुसऱ्या शाखेत बदली झाली तर काही काळ ती सोसावी लागेल.

कोऱ्या कागदावर सही दिली नाहीत, फार चांगले केलेत. असा कागद राजीनामा म्हणून वापरला जाण्याचा धोका असतो. म्हणूनच 1977 च्या अधिनियमाच्या कलम 7 मध्ये राजीनाम्याची रीत ठरवून दिली आहे : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत कर्मचाऱ्याने स्वतः नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची. ही मागणी पुन्हा झाली तर त्या दिवशीची तारीख आणि कोण हजर होते ते लिहून ठेवा.

पालकांच्या रोख रकमेबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे पैसा खरोखर तुमच्या हातातून जातो. हातात पैसा घेतलात की तो तुमच्याकडे सोपवला गेला. पुढे सचिवांनी ‘मला काही मिळालेच नाही’ म्हटले तर तुमच्याकडे काय आहे? प्रवेशासाठी पैसे घेणे मुळातच बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो, आणि राज्याचा 1987 चा कॅपिटेशन फी मनाई कायदा कैदेपर्यंत जातो. पावतीवर ‘इमारत निधी’ लिहिल्याने प्रवेशाची अट म्हणून घेतलेला पैसा देणगी होत नाही. यापुढे असा एक रुपयाही हातात घेऊ नका. पैसे आणलेल्या पालकाला एवढेच सांगा, ‘मान्य शुल्काशिवाय रक्कम घेण्याचा मला अधिकार नाही.’ पालकासमोर शांतपणे म्हटलेले हे वाक्य पुढे तुमच्यासाठी साक्षीदार तयार करते.

आता त्या दोन सह्या. कलम 344 मध्ये फसवणुकीचा उद्देश सिद्ध व्हावा लागतो. तुम्हाला तेव्हा काय माहीत होते, माल आला नाही हे कळूनही सही केलीत की विश्वासाने केलीत, यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते मला पत्रातून कळत नाही. व्हाउचर 1 जुलै 2024 पूर्वीचे, म्हणजे न्याय संहिता लागू होण्याआधीचे असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम 477-अ लागेल. गाभा तोच आहे. काय करू नये ते मात्र ठामपणे सांगतो. व्हाउचर फाडू नका, खाडाखोड करू नका, मागची तारीख घालून खुलासा लिहू नका. चूक झाकायला केलेला दुसरा कागद पहिल्यापेक्षा जड जातो. मूळ रजिस्टर घरी नेऊ नका, कारण तेवढ्यावरून तुमच्यावरच गैरवर्तणुकीचा आरोप येईल. व्हाउचरचे क्रमांक, तारखा आणि रकमा टिपून घ्या. सचिवांचे किंवा मुख्याध्यापकांचे मोबाइलवर आलेले संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका. ते न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते, आणि मूळ फोन असला तर ते काम सोपे होते. वरच्या पत्रात या जुन्या सह्यांचा उल्लेख करू नका. कबुली द्यायची की नाही, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत, हे फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलासमोर बसूनच ठरवा. तुम्ही त्यांना जे सांगाल ते गोपनीय राहते.

तक्रार करायची का? माझे मत, करावी, पण वकिलाशी बोलून झाल्यावर आणि नावानिशी. निनावी अर्ज बऱ्याचदा तसाच पडून राहतो आणि संशय मात्र तुमच्यावरच येतो. अनुदानाबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, विश्वस्तांच्या वागण्याबद्दल धर्मादाय आयुक्तांकडे. ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-ड खाली विश्वस्तांना दूरही करू शकतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक आहेच. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामीत मोडत नाही. तीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलीत तर हे संरक्षण मिळेलच असे नाही. एक गोष्ट उघड सांगायला हवी. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा 2014 साली मंजूर झाला, पण तो अमलात आणलेला नाही. त्यामुळे तुमची ढाल म्हणजे 1977 चा अधिनियम आणि तुमच्याकडचे पोच घेतलेले कागद.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर ती नको. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेविषयक मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे जाताना दोन्ही व्हाउचरांचा तपशील, बाकांची मोजणी आणि वरच्या पत्राचा मसुदा न्या, आणि मुख्याध्यापकांना पत्र देण्याच्या आधी जा.