आधी स्वतः जाऊन ये

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुमच्या कौशल्य प्रशिक्षण केंद्रातून चाकणच्या कारखान्यात लावलेल्या बॅचमधली निम्म्याहून जास्त पोरं महिन्याच्या आत परत आली. आठवडी बाजारात एका बापाने चारचौघांत तुला धरलं. सेंटर मॅनेजर पुढच्या बॅचची यादी मागतोय, आणि गावातला ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम हसत हसत म्हणाला की तुमच्यापेक्षा आम्ही बरे. हे सगळं समजलं. नोकरी सोडू का विचारतोस, ते तुझं तू ठरव. मला तुझ्या एका वाक्यावर बोलायचंय: "ताई, या पोरांना टिकायचंच नसतं, मग मी कशाला मरमर करू?"

ती कंपनी तू बघितली होतीस का?

तुझ्या मेसेजमध्ये तसं कुठेच नाही. एजन्सीवाल्याने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली, त्यात पगार १८,००० आणि "राहण्या-जेवणाची सोय" लिहिलेलं होतं. तू पोरांना गाडीत बसवलंस आणि गाडीचा फोटो ग्रुपवर टाकलास. असंच झालं ना? मग पोरांना टिकायचं नव्हतं हे तू ठरवणार कशाच्या जोरावर? कुठे टिकायचं होतं तेच तुला ठाऊक नाही.

रागावू नकोस. तू ऊसतोड्यांच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत वाढलास, उसाच्या फडातून येऊन दहावीची परीक्षा दिलीस, म्हणून तुझ्याशी असं बोलते. दुसऱ्या कुणाला मी "हो बाबा, कठीण आहे" म्हणून फोन ठेवला असता.

मुकादमाचं बोलणं लागलं म्हणतोस. लागू दे, पण ते नीट ऐकूनही घे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात खरं रोजगार कार्यालय मुकादमच चालवत आलाय. सरकारी कार्यालयाचं काय होतं? १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना रिकाम्या जागा कळवायची सक्ती केली, माणूस तिथूनच घ्या अशी सक्ती केली नाही. पोरांनी नाव नोंदवायचं, कार्ड जपायचं, मुदत संपली की नूतनीकरणासाठी बीडला खेटे घालायचे. आता तेच राज्याच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर ओटीपी घालून करायचं. मुकादमाकडे कार्ड नाही, पोर्टल नाही. तो हंगामाआधी दारात येतो, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मोजून देतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की तिच्याबरोबर जातो. कारखाना कुठला, कोप्या कुठे पडणार, पाणी किती लांब, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय कसा आहे, हे त्याला आधीच माहीत असतं. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत तो तिथल्या तिथेच असतो, आणि परत आला की त्याला त्याच गावात राहायचं असतं.

तो लुबाडतो हे मला सांगू नकोस. उचल वर्षानुवर्षं का फिटत नाही, बाई आजारी पडली तर खाडा कसा लावतात, मागे कुणापाशी ठेवायची म्हणून पोरींची लग्नं हंगामाआधी कशी उरकतात, हे मी तुझ्या आईच्याच तोंडून ऐकलंय. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. त्यातलं कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडीच्या, पदरात काय पडलं ते घरी विचार. मुकादमाचं कौतुक मी करत नाही. पण ज्या कामावर माणूस न्यायचा ते काम त्याने बघितलेलं असतं, आणि आपण शिकले-सवरलेले, बायोमेट्रिक हजेरी घेणारे, ते बघत नाही. म्हणून म्हणते, बघितल्याशिवाय पाठवायचं नाही. माझी एवढी एकच अट आहे आणि ती मी मोडू देणार नाही.

आता तुझी पोरं का परतली ते सांगते. मी तिथे नव्हते, तरी सांगते.

नोकरी एक तारखेला लागते. पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेला होतो. म्हणजे चाळीस दिवस हातात एक रुपया येत नाही. खोलीला डिपॉझिट लागतं. कॉट बेसिसवर राहिला तरी कॉटवाला भाडं आधी घेतो, मेसवाला महिन्याचे आधी मागतो. वर सेफ्टी शूज, बँकेचं खातं, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल. घरून निघताना आईने पदराच्या गाठीचे हजार-दोन हजार दिलेले असतात, ते दहा दिवसांत संपतात. मग पोरगं घरी फोन करून "मला इथलं पाणी मानवत नाही" असं सांगतं. कुठलं पोरगं बापाला सांगेल की मी दोन दिवस वडापाववर आहे? परत आलं की तू तुझ्या फॉर्ममध्ये "वैयक्तिक कारण" लिहितोस.

मुकादम आधी पैसे देतो आणि नंतर काम घेतो. आपण आधी सर्टिफिकेट देतो. भुकेल्या पोराने त्याचं काय करायचं?

असं नाही की वर कुणाला हे सुचलं नव्हतं. २०१४ ला दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली तेव्हा तिच्या नियमांत हे लिहिलेलं होतं. जिल्ह्यातच नोकरी लागली तर दोन महिने, राज्यात दुसरीकडे लागली तर तीन, राज्याबाहेर लागली तर सहा महिने, दरमहा १,००० रुपये. आकडा तोकडा आहे, पण ज्याने लिहिलं त्याला दुखणं कळलं होतं. तुझी संस्था कुठल्या योजनेखाली बॅच चालवते ते बघ, त्यात असा पैसा असेल तर तो पोराच्या खात्यावर कधी पडतो हे आजच विचार. नसेल तर बचत गटातल्या बायांकडे जा. मुलगा किंवा भाचा त्या बॅचमध्ये असेल तर गट दोन महिन्यांसाठी पैसे देतो, हे मी करवून घेतलंय. मला मात्र संस्थेकडूनच एक कायमचा निधी उभा करायचा होता, पहिल्या पगारापर्यंत बिनव्याजी द्यायचा आणि पगारातून परत घ्यायचा. प्रस्ताव लिहिला, हिशेब मांडला. "आपण सावकारी करायची का मॅडम?" असं विचारून लोक हसले. ते होऊ शकलं नाही याची खंत आहे आणि राहील.

पुन्हा मुद्द्यावर येते. जाऊन बघायचं म्हणजे काय बघायचं?

एचआरच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायला जाऊ नकोस, तिथे सगळं छानच असतं. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या टपरीवर उभा राहा. लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं बोलीवरून ओळखू येतात. त्यांना विचार, हातात किती येतात? जाहिरातीतल्या १८,००० मध्ये बहुतेक वेळा कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, मग पोराचा १२ टक्के वाटा जातो, ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का जातात, कॅन्टीनचे जातात, बसचे जातात. हातात पडतात तेरा-चौदा हजार. तेरा वाईट नाहीत. पण अठराचं स्वप्न घेऊन आलेल्या पोराला तेरा मिळाले की तो फसवलं म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे, कारण ते आकडे त्याच्यापर्यंत तू नेलेस.

नियुक्तिपत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघ. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्र कंत्राटदाराचं, हे नेहमीचं आहे. पत्रात कामगार लिहिलंय का ट्रेनी, तेही वाच. मध्यंतरी "नीम" या सरकारी प्रशिक्षण योजनेतल्या ट्रेनींचा सुकाळ होता, पोरं कामगारांच्या बरोबरीने लाइनवर उभी राहायची आणि पीएफचं नाव नाही. १९६१ च्या कायद्याखालची खरी अप्रेंटिसशिप असेल तर खुशाल पाठव, तिथे नोंदलेला करार असतो. पण पोराला आधी सांग की बाबा, ही शिकाऊ उमेदवारी आहे, मिळतं ते विद्यावेतन आहे. अडाण्याच्या पोराला हे काय कळणार असं तुझा मॅनेजर म्हणेल. उचलीचा हिशेब लहानपणापासून ऐकत आलेल्या पोराला पगाराची स्लिप समजत नाही, असं म्हणणाऱ्यालाच पोरं समजलेली नाहीत.

मुलींच्या बाबतीत तर मी एक पाऊल मागे यायला तयार नाही. जीडीएचा, म्हणजे रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा, कोर्स झाला, पुण्यातल्या हॉस्पिटलात लावल्या, म्हणजे झालं का? वसतिगृहाच्या खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे, किल्ल्या कुणाच्या हातात असतात, रात्रपाळी सुटल्यावर हॉस्पिटलपासून खोलीपर्यंत दिवे आहेत का, हे बघायला तू एकटा जाऊच नकोस. बॅचमधल्या मुलींच्या दोन आया बरोबर ने. तिकिटाचा खर्च कुठल्या हेडमध्ये टाकायचा ते तू बघ. त्या बाया जे बघतील ते तुला दिसणार नाही, आणि परत येऊन त्या वाडीवर जे सांगतील ते तुझ्या माहितीपत्रकाने होणार नाही. एका वाडीतली एक मुलगी नर्सच्या हाताखाली लागून टिकली की मागच्या चौघींची लग्नं दोन-तीन वर्षं पुढे जातात. मी बघितलंय. आणि एक रडत परत आली की त्या वाडीचं दार आपल्याला कायमचं बंद. तेही बघितलंय.

तू म्हणशील, ताई, एवढं करत बसलो तर टार्गेट कधी पुरं करू? शंभरातले सत्तर नोकरीला लागले पाहिजेत, तीन महिने टिकल्याच्या पगाराच्या स्लिपा लागतात, नाहीतर संस्थेचा हप्ता अडकतो. मला सगळं पाठ आहे. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत पडद्यावर तक्ता यायचा आणि माझ्या सेंटरची ओळ लाल असायची. शेजारच्या तालुक्याची हिरवी. "मॅडम, तुम्ही फार भावनिक होता," असं मला त्या बैठकीत ऐकवलेलं आहे. भावनिक! मी बसने जाऊन टपरीवर उभी राहून पगार विचारत होते, आणि गाडीचा फोटो टाकणारे व्यवहारी. पुढे माझ्या जागी दुसरा माणूस आला, त्याने पहिल्याच वर्षी आकडा गाठला. त्याचे लागलेले आज किती जण कामावर आहेत हे त्या तक्त्यात विचारायला रकानाच नव्हता. माझे लागलेले दिवाळीला घरी येतात तेव्हा मला भेटून जातात. काहींनी आपल्या कंपनीत मागून गावातली पोरं स्वतः लावली. हे मी मिरवायला सांगते असं तुला वाटेल. वाटू दे. थोडं मिरवतेही, मिरवायला मला दुसरं काय दिलंय?

बरं, सगळ्यांना चाकणलाच का पाठवायचं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. ऊस तोडायची यंत्रं येताहेत, सरकार त्यांना अनुदान देतंय. एका यंत्रामागे किती कोयते घरी बसतील याची चिंता सगळे करतात. पण फडात ते यंत्र बंद पडतं तेव्हा दुरुस्त करणारा लांबून बोलवावा लागतो आणि तोवर तोड थांबून राहते. हायड्रॉलिकचं काम येणारी चार पोरं तालुक्यात असतील तर? सौर पंप शिवारात किती बसलेत मोज, मग ते दुरुस्त करणारे मोज. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. दुष्काळी गाव मुद्दाम निवडलं. तिथे पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती हे प्रत्यक्ष कामं करत शिकतात, आणि शिकलेलं गावात विकता येतं. बँकांच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा नियमच आहे. दोन वर्षं! आपण तीन स्लिपा घेऊन फाइल बंद करतो. पण इथेही माझी अट तीच. आरसेटीत पोरगं पाठवायच्या आधी तिथे शिकून गेलेल्याचं दुकान बघ, चालतंय का टाळं लागलंय. जाहिरात चाकणची असो का केजची, बघितल्याशिवाय पाठवायचं नाही.

नोकरी सोडण्याचं लिहिणार नव्हते, तरी लिहिते. सोडलीस तर तुझ्या जागी कोण येईल? तालुक्याबाहेरचा कुणीतरी, ज्याला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हेही सांगावं लागेल. त्याला गाडीचा फोटो काढता येईल. म्हणून राहा असं मी म्हणत नाही, पण हे मोजून मग जा.

आता काम. नवीन बॅच पुढच्या सोमवारी निघणार असं तू लिहिलंयस. ती थांबव. मॅनेजरला सांग की मी दोन दिवस आधी जाऊन येतो आणि मग पोरं नेतो. तो चिडेल, चिडू दे. आता बीडहून नगरपर्यंत रेल्वे आहे, तिथून पुढे एसटी. तू पोचशील तोवर माझ्या जुन्या बॅचमधला भोसरीत राहणारा एक पोरगा तुला घ्यायला येईल, त्याला मी कळवलंय. त्याच्याकडे मुक्काम कर. आणि बाजारात ज्याने तुला धरलं त्या बापालाही बरोबर चल म्हण. येणार नाही म्हणाला तर पुन्हा विचार. तिकीट मी काढते.

तुझी,
ताई