हॅकर व्हायचं असेल तर लॅपटॉपवर काली लिनक्स टाकू की उबुंटू? (बीएस्सी पहिलं वर्ष)

उबुंटू टाका, नाहीतर मिंट. काली धरून तिन्ही लिनक्सचेच प्रकार, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. काली नको. लिनक्सची सवय नसलेल्यांनी ते वापरू नये असं कालीवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. सुरक्षा तपासणाऱ्यांची हत्यारं त्यात भरलेली असतात. मशीन आतून कसं चालतं हे कळल्याशिवाय ती घेऊन करणार काय?

पण तुमच्या प्रश्नातल्या 'हॅकर' शब्दाशीच मी अडलो. २००८ साली याच शब्दापायी मला क्लासमधून १५ दिवस बाहेर बसवलं होतं.

कराडला कॉम्प्युटर क्लासला जायचो. तेव्हा उबुंटूवाले पोस्टाने सीडी फुकट घरपोच पाठवायचे. माझी ८.०४ ची सीडी आली होती आणि ती मी दप्तरातच घेऊन फिरायचो. त्या दिवसांत पेनड्राइव्हच्या व्हायरसने नुसता उच्छाद मांडला होता. फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाच्या ईएक्सई, म्हणजे क्लिक केलं की चालू होणाऱ्या, फायली. क्लिक केलं की ते मशीनही गेलं. बॅचमधल्या एका मुलीचा प्रोजेक्ट असाच गेला, दुसऱ्या दिवशी सबमिशन. सर म्हणाले, फॉरमॅट मार. ती रडायलाच लागली.

मी कोपऱ्यातल्या मशीनमध्ये सीडी घातली आणि तिच्यावरूनच उबुंटू सुरू केलं. हार्डडिस्कला हात लावला नाही. पेनड्राइव्ह उघडला तर सगळे फोल्डर जागच्या जागी! व्हायरसने ते फक्त 'हिडन' करून ठेवले होते, आणि विंडोजची ती खूण लिनक्स जुमानत नाही. शेजारीच ऑटोरनची फाइल उघडी पडलेली, पेनड्राइव्ह लावला की व्हायरस आपोआप सुरू करणारी. टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, ती आणि सगळ्या ईएक्सई एकेक करून उडवल्या. विंडोजचा व्हायरस तिथे चालत नाही, नुसता पडून असतो. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. टर्मिनल बघून म्हणाले, "हॅकिंग करतोस?" आणि थेट वडिलांना फोन.

त्या लॅबमधली सगळी मशीनं एकाच चोरीच्या विंडोज सीडीवर चालत होती. माझी सीडी कायदेशीर, कुणालाही कॉपी करून देता येणारी. आणि चोर मी ठरलो. हे मला आजही बोचतं.

मुळात हा शब्द चोरांचा नाहीच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मॉडेल रेल्वे क्लबातली पोरं डोकं लावून केलेल्या करामतीला 'हॅक' म्हणायची. रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर तिथल्याच एआय लॅबमधला. कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा, एवढीच सोय त्याला नव्या लेझर प्रिंटरमध्ये घालायची होती. त्यासाठी लागणारा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, द्यायला नकार मिळाला. १९८३ ला त्याने ग्नू ही सगळ्यांना खुली ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचं जाहीर केलं. १९९१ ला हेलसिंकीत २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहिला आणि पुढच्याच वर्षी ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली (वापरा, बदला, वाटा) सगळ्यांना खुला केला. उघडून बघायचं, दुरुस्त करायचं आणि ती दुरुस्ती इतरांना द्यायची, असं करणारा तो हॅकर. पासवर्ड चोरणाऱ्याला जुने लोक क्रॅकर म्हणतात, आणि तेच बरोबर आहे.

हां, बॅकअप घेतल्याशिवाय हार्डडिस्कच्या पार्टिशनला (कप्प्यांना) हात लावू नका. फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाहीत, तेव्हा कॉलेजला काय लागतं ते आधी बघा. दुसऱ्याच्या मशीनमध्ये न विचारता शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ आहे. मीही क्लासच्या मशीनमध्ये सीडी घालण्याआधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच.

तरी तुम्हाला कुणी "हॅकिंग करतोस का" म्हणालं तर घाईघाईने खिडकी बंद करू नका. स्क्रीन त्यांच्याकडे वळवा आणि प्रत्येक ओळ वाचून समजावा. मला तेच करायचं होतं, पण सरांनी सरळ मशीनचं बटण दाबलं. पेनड्राइव्ह मात्र तोवर साफ झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने प्रोजेक्ट दिला.