चौकीदार नसला की नागपुरातल्या बागेत लोक असे का वागतात?

तुमच्या वस्तीतल्या उद्यानाचा चौकीदार बरेच दिवस झाले येत नाही, माळीही कधीतरीच दिसतो. तेवढ्यात झोपाळे मोडले, लॉनवर केक कापणं सुरू झालं, बाकांखाली खर्ऱ्याच्या पन्न्यांचा थर साचला. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंय, 'आपल्या लोकांना दंडुक्याशिवाय कळतच नाही का?'

दंडुक्याबद्दल आधी बोलतो, कारण तो मी जवळून पाहिलाय. बागांच्या देखभालीचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी काही वर्षं सुपरवायझर होतो. आता स्वतःची नर्सरी आहे. आमचे बहुतेक चौकीदार पन्नाशी-साठीचे. शिट्टी होती, काठीही होती, पण काठीचा उपयोग मुख्यतः कुत्री हाकलायला आणि झाडात अडकलेला बॉल काढायला. आठ-दहा पोट्टे समोर उभे राहून 'काय झालं काका, आमी काय करून राहिलो?' म्हणाले की काका गपगुमान खुर्चीवर जाऊन बसायचे. त्यांच्या धाकामुळे बाग शाबूत होती, असं मला तरी कधी वाटलं नाही.

ती शाबूत होती त्यांच्या हातांमुळे. पहाटे गेट उघडलं की पहिला फेरा बाकांखालचं उचलण्याचा; फिरणारी मंडळी यायच्या आत रात्रीचं सगळं साफ. झोपाळ्याचा एक हूक निसटला की साखळी वर गुंडाळून तारेनं बांधून ठेवायची, म्हणजे वेल्डर येईपर्यंत त्यावर कोणी बसणार नाही. हे राहिलं तर एका साखळीला लोंबणाऱ्या पाट्याला मोठी पोरं पीळ देत बसतात, दुसरा हूक जातो, मग वरचा पाइप वाकतो, आणि वेल्डिंगच्या एका टाक्याचं काम नवा झोपाळा बसवण्यावर जातं. नळाची तोटी गळायला लागली की तिला चिंधी बांधायची. लॉनला पाणी दिल्यावर काही वेळ तिकडे कुणाला फिरकू द्यायचं नाही, कारण ओली माती पायांखाली दबते, घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही आणि तिथे टक्कल पडतं. यातल्या एकाही कामाची कुठल्या रजिस्टरमध्ये नोंद नसते. त्यामुळे माणूस यायचा थांबला की नेमकं काय थांबलं हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लोकच एकाएकी बिघडले असं वाटायला लागतं.

आता खर्रा. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर घोटून देतात, तो खर्रा, आणि ते प्लास्टिक म्हणजे पन्नी. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ मध्ये आली, पण पन्नीला तिची खबर लागलेली दिसत नाही. खर्रा खाणारा माणूस ती पन्नी कुठे टाकतो हे मी पुष्कळ पाहिलंय. बाक स्वच्छ असेल तर तो क्षणभर थबकतो, इकडेतिकडे बघतो, कधी खिशात कोंबतो, कधी झुडपात सरकवतो. बाकाखाली आधीच पंधरा-वीस पडलेल्या असतील तर हात आपोआप खाली जातो. माणूस तोच, दिवसही तोच. पहिल्या पन्नीला लाज आडवी येते, एकविसाव्या पन्नीला येत नाही.

यावर अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड जमिनीवर विखुरलेलं आहे, आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायवाटांवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि आळीपाळीनं वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. 'आजवर पुष्कळ लोकांनी लाकूड नेलं, त्यामुळे इथलं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी होती तेव्हा सुमारे ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया लाकूड नेऊ नका' एवढंच सांगणारी पाटी होती तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीनं नव्या माणसाला एकच गोष्ट शिकवली: सगळेच नेतात. म्हणून कुणी 'येथे कचरा टाकणाऱ्यांनो, लाज बाळगा' असा बोर्ड रंगवायला वर्गणी मागायला आला तर देऊ नका. त्या पैशात हातमोजे आणि दोन चिमटे घ्या.

'आपले लोक' या शब्दांवर माझा थोडा आक्षेप आहे. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस अमेरिकेच्या सरकारचं बरंच कामकाज निधीच्या वादात बंद होतं. त्याआधी, २०१३ मध्ये अशीच वेळ आली तेव्हा राष्ट्रीय उद्यानांना टाळं लावलं होतं. या वेळी अनेक उद्यानं उघडी ठेवली, पण कर्मचारी जवळजवळ नव्हतेच. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात संडास तुंबले, कचरापेट्या ओसंडल्या, लोकांनी गाड्या रस्ता सोडून वाळवंटात घातल्या, काही झाडंही तोडली गेली. आणि त्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांतले लोक स्वतःच्या खर्चानं सामान आणून तिथले संडास धूत होते, पेट्या रिकाम्या करत होते. दोन्ही प्रकारचे लोक एकाच वेळी, एकाच ठिकाणी. तुमच्याही वस्तीत दोन्ही आहेत. दुसऱ्या प्रकारचे अजून घराबाहेर पडलेले नाहीत, एवढंच.

तुमच्या यादीत मला एक नाव सापडलं नाही, आणि बागकाम करणाऱ्या कुणालाही विचाराल तर तो ते आधी घेईल. पहाटे फुलं तोडणारे. माळी सहाला येतो, हे लोक पाचला. कापडी पिशवी, आकडी लावलेली काठी, कानाला मफलर. जास्वंद, कण्हेर, तगर, एकही कळी उरत नाही. श्रावणात बेलाच्या डहाळ्या मोडतात, गणपतीत दूर्वांसाठी लॉन उपटतात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी तर विचारूच नका. हटकलं की ठरलेलं उत्तर: 'देवासाठीच तर नेऊन राहिलो!' वर्षभर वाढवलेल्या झुडपाला उन्हाळ्यात आम्ही हातपंपावरून बादल्या आणून जगवलेलं असतं, ते कोणाला सांगणार? हीच मंडळी परत जाताना पोराटोरांकडे बघून 'आजकालच्या पिढीला काही राहिलं नाही' म्हणतात. वडा-पिंपळाखाली फुटलेल्या तसबिरी आणि पॉलिथिनमधलं निर्माल्य आणून ठेवणारेही बरेचसे यांच्यातलेच. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र फोटो येतात ते फक्त केक कापणाऱ्या पोरांचे.

हे सांगायचं कारण असं की, चौकीदार नाही म्हटल्यावर काही लोक स्वतःच चौकीदार होतात, आणि त्यांचा पहिला मोर्चा कधीही खर्रेवाल्याकडे किंवा फुलवाल्याकडे जात नाही. तो जातो कोपऱ्यातल्या बाकावर बसलेल्या जोडप्याकडे. मोबाइल काढून शूटिंग, 'कुठल्या कॉलेजचे, बापाचा नंबर सांग'. त्या दोघांनी ना झोपाळा मोडलेला असतो ना पन्नी टाकलेली. असं काही तुमच्याकडे सुरू झालं असेल तर ते आधी थांबवा. बाग सुधारणं बाजूलाच राहतं, आणि तरण्या पोरी तिथे यायच्या बंद होतात. पोरी आल्या नाहीत की आया येत नाहीत, आया नाहीत तर लहान मुलं नाहीत, आणि संध्याकाळी सातनंतर बाग ज्यांच्यासाठी उरते ते दारूच्या बाटल्या घेऊनच येतात. दिवे बंद पडल्यावरही नेमकं हेच होतं. म्हणून तक्रार एकच करायची असेल तर दिव्यांची करा.

कुलूप लावा म्हणणारेही तुम्हाला भेटतील. आधीच आपल्याकडे बऱ्याच उद्यानांचं गेट दुपारी बंद असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना कडुनिंबाची सावली सगळ्यांत जास्त ज्यांना लागते ते बांधकामावरचे मजूर आणि पार्सल पोचवणारी पोरं भिंतीला टेकून बाहेर बसतात. कुलूप लागल्यावर आठवडाभरात कुठेतरी ग्रीलचे दोन गज वाकवलेले दिसतात, आणि त्या भगदाडातून येणारा माणूस गेटातून येणाऱ्या माणसासारखा वागत नाही.

मग करायचं काय? सगळ्यांत आधी गेटावरचा फलक वाचा. नागपुरात काही उद्यानं महानगरपालिकेची, काही नागपूर सुधार प्रन्यासनं विकसित केलेली, काही जागा वन विभागाच्या. चुकीच्या दारात केलेली तक्रार वर्षभर तिथेच पडून राहते. मनपाची असेल तर तुमच्या झोन कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. 'बागेची दुरवस्था झाली आहे' असं लिहू नका. ते वाचून कोणी हलत नाही. 'पूर्वेकडच्या झोपाळ्याचा उजवा हूक तुटला, चार दिवे बंद, संडासाला पाणी नाही' असं लिहा, सोबत फोटो.

आणि खरा प्रश्न विचारा: चौकीदार का येत नाही? देखभाल ठेक्यावर असेल तर किती माळी, किती चौकीदार, किती पाळ्या हे ठेक्याच्या कागदात लिहिलेलं असतं आणि बिल त्यावर निघतं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जात कामाचा आदेश, हजेरीपत्रक आणि दिलेल्या बिलांच्या प्रती मागा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठेका संपलाय आणि नवा निघाला नाही, असं असू शकतं. मग तुम्हाला पुढे पाठपुरावा कशाचा करायचा ते कळेल. किंवा तुमचा चौकीदार कागदावर रोज येत असेल. ती प्रत हातात आली की बाकी काही करावं लागत नाही, नुसती झोनमध्ये नेऊन दाखवायची.

दरम्यान कागद फिरत असताना रोज सकाळी कोणीतरी तो पहिला फेरा मारायला हवा. पूर्ण बाग झाडायला जाऊ नका, दोन रविवारांत सगळे थकतात. फक्त गेटजवळचे बाक आणि मुलांच्या खेळण्यांची जागा, तीही फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्याआधी. कचऱ्याचा डबा गेटच्या शोभेसाठी ठेवलेला असतो, तो उचलून खर्रेवाल्यांच्या बाकाशेजारी ठेवा. संक्रांतीनंतर झाडांवरचा मांजा उतरवा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी आपल्या शहरात जानेवारीत कुठल्या झाडावर तो नसतो? फांद्यांत अडकलेला मांजा पुढे कितीतरी महिने पाखरांचे पंख कापत राहतो.

केकवाल्या पोरांशी भांडू नका. मनपाच्या उपद्रव शोध पथकाला बोलावून दंड करता येतो, पण पथक निघून गेल्यावर बारा वाजताचा वाढदिवस दुसऱ्या लॉनवर होतो. त्यांच्यातला एखादा तुमच्याच गल्लीतला असणार, बहुधा तुमच्या ओळखीच्या वहिनींचा मुलगा. त्याला नावानं हाक मारा आणि केकचा डबा, फुगे आणि फेसाच्या बाटल्या जाताना घेऊन जा म्हणा. अनोळखी टोळक्याला सांगून काही होत नाही, पण नाव माहीत असलेला पोरगा सहसा ऐकतो, निदान तुमच्यासमोर तरी.

फुलवाल्यांवर आमच्या एका माळ्यानं शोधलेला उपाय सांगतो. त्यानं कुंपणाच्या आतल्या बाजूनं तगर आणि जास्वंदीची एक लांब रांग लावली आणि पहाटे येणाऱ्या आज्यांना सांगितलं, ही रांग तुमची, आतल्या झाडांना हात लावायचा नाही. थोड्याच दिवसांत आज्या घरून बाटलीत पाणी आणून त्या रांगेला घालायला लागल्या, आणि तिथे कुणी पोरगा कळ्या खुडताना दिसला की आकडीची काठी घेऊन त्याच्यामागे धावायच्या. आतली झाडं बऱ्यापैकी वाचली. महालक्ष्म्यांच्या आदल्या पहाटे मात्र ती रांगही जायची आणि आतलीही सगळी फुलं जायची, त्या एका दिवसाचा नाद माळ्यानं सोडून दिला होता.